वही कधी खोटं बोलत नाही

“कॅमेरा खोटं बोलेल, माझी वही नाही!” वेगाच्या चलानाविरुद्ध लढायला कोर्टाच्या पायऱ्या चढताना तो छाती ठोकून म्हणाला.

“अहो, दंड भरून मोकळे व्हा की,” बायको कुरकुरली.

तिचा भाऊ आपली गाडी गुपचूप फिरवून आणतो, असा त्याला दाट संशय होता. म्हणून गाडी काढताना आणि लावताना तो किलोमीटर आणि वेळ न चुकता वहीत टिपून ठेवायचा. तीच वही त्याने जज्जबाईंपुढे ठेवली. “मॅडम, इतका काटेकोर माणूस गाडी पळवेल का हो?”

बाईंनी चलानाच्या दिवसाचं पान उघडलं. “घरून निघालात नऊला, ऑफिसात पोचलात सव्वानऊला. अंतर तीस किलोमीटर. बरोबर?”

“मिनिटाचाही फरक निघायचा नाही!”

“म्हणजे ताशी एकशेवीस. कॅमेऱ्याने तर तुमची गाडी नव्वदवरच पकडली होती.” बाईंनी आणखी चार पानं उलटली. “आणि हे रोजचंच दिसतंय.”



लायसन सहा महिन्यांसाठी जप्त झालं आणि तेव्हापासून गाडी मेव्हणा चालवतो.