रोजची ईमेल

मंजुषा मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. २००२ साली तिने क्लासच्या मशीनवर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकलं, तर पडद्यावर नुसत्या वाकड्या रेघा आल्या. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, नव्या एजीपी प्रकारच्या ग्राफिक्स कार्डांसाठी लिहिलेला होता आणि तिच्याकडची कार्डं जुनी, पीसीआय प्रकारची. तिने सायबर कॅफेत जाऊन तो ड्रायव्हर लिहिणाऱ्या पोलंडच्या यान नावाच्या माणसाला ईमेल केली. दोनच दिवसांत त्याने पीसीआयसाठी बदललेला ड्रायव्हर पाठवला.

मग रोज त्याची ईमेल येऊ लागली. पडद्यावर काय दिसतं, रंग कसे आहेत, सगळं सविस्तर लिहा, असं तो विनवायचा. मंजुषाही पानभर लिहायची.

तिच्या नवऱ्याला, गुणाकरला, हे खटकलं. "फुकटात कोणी कोणाचं काम करते का? अन् तुले काय दिसते, हे त्याले काहून पाहिजे रोज?"

"मंग तुम्हीच विचारा न त्याले," मंजुषा म्हणाली.

गुणाकरने खरंच विचारलं. माझ्या बायकोलाच एवढं का विचारता, तुमच्याकडे पडदा नाही का, असं सरळ लिहून टाकलं.

उत्तर आलं, ते त्याने तीनदा वाचलं.



"पडदा आहे. हे काम अर्ध्यावर असताना माझे डोळे गेले. मशीन मला अक्षरं वाचून दाखवतं, चित्र मात्र तुमच्या पत्नीच सांगतात."