वेगळी चूल

"थांब! ओतू नकोस!"

लेकीचा हात हवेतच राहिला. एका हातात तेलाची अर्धी बाटली, दुसऱ्या हातात लाल झाकणाचा डबा. खाली टेंपोवाला हॉर्न वाजवून थकला होता आणि स्वयंपाकघरातलं सामान अजून निम्मंच बांधून झालं होतं.

"बाबा, दोन्हींत सूर्यफुलाचंच आहे."

"कंपनी वेगळी आहे."

चीफ इंजिनीअर निवृत्त झाल्याला बरीच वर्षं लोटली होती, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचली नव्हती. जन्मभर त्यांनी बोटींची तीनमजली इंजिनं सांभाळली आणि एकातही दोन कंपन्यांची तेलं एकत्र होऊ दिली नाहीत. ग्रेड तोच असतो, रंगही तोच, पण प्रत्येक कंपनी आत आपापली औषधं घालते. एकेकटी दोन्ही तेलं सद्गुणी. एका टाकीत आली की भांडतात, तळाला साका धरतो, फिल्टर तुंबतात आणि भर समुद्रात इंजिन मान टाकतं.

"एकदा एका बंदरात तेल संपलं..." चीफनी सुरुवात केली.

"मिळालं ते दुसऱ्या कंपनीचं. तुम्ही जॅमच्या बरणीत अर्धंअर्धं घालून इंजिनाच्या उबेला ठेवलंत. सकाळी तळाला चिखल. ऑफिसातून तारांवर तारा, ओता आणि निघा. तुम्ही हलला नाहीत. पाळण्यात असल्यापासून ऐकतेय, बाबा."

"ऐकलंस. शिकली नाहीस."

टेबलावर विजेची नवीकोरी शेगडी खोक्यात बसून होती. लेकीकडे राहायला जायचं चीफनी कबूल केलं होतं, पण एका अटीवर: मागच्या खोलीत चूल वेगळी.

"सासूबाई काल रडल्या," लेक म्हणाली. "आमच्या हातचं त्यांना चालत नाही का, म्हणाल्या. मी काय सांगू?"

"बाई चांगल्या आहेत. मीही तसा बरा आहे. म्हणूनच म्हणतो."

लेकीनं बाटली ओट्यावर ठेवली, जरा आपटूनच.

"आई कायम एकत्र ओतायची."

"काहीतरीच. दोन डबे होते. लाल झाकणाचा आणि निळ्या. मी रजेवर आलो की स्वतः बघायचो."

"तुम्ही येणार म्हटलं की आदल्या दिवशी निळा माळ्यावरून काढायची. दोन्हीत तेच, मिसळलेलं. मला शपथ घातली होती."

चीफनी डबा पुढे ओढला, खिशातला टॉर्च काढला, डबा तिरका करून तळ पाहिला. मग एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून सावकाश चोळला, तसाच, जसा हजार वेळा चोळला होता. बोटं नाकाशी नेली. महिनोन्‌महिने डिझेलचा वास घेऊन घरी यावं आणि जिन्यातच आपल्या कढईचा वास लागावा, बॅग तिथंच खाली ठेवून क्षणभर थांबावं... बोटं नाकाशी जरा जास्तच वेळ राहिली.

"साका आहे?" लेकीनं विचारलं.

"नाही."

टॉर्च बंद झाला.

"खोटारडी," चीफ डब्याला म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांनी कुणाला काही म्हटलेलं लेकीनं कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी बाटली उचलली आणि डब्यात बारीक धार धरली, शेवटच्या थेंबापर्यंत. कड अंगठ्यानं पुसली, लाल झाकण घट्ट लावलं, डबा छातीशी धरला.

"हा टेंपोत नको. हिंदकळेल. मी मांडीवर घेतो."

"आणि बाबा, ही शेगडी?"

चीफ जिना उतरू लागले होते. जन्म इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला सगळंच काही ऐकू येत नाही.