धाकटीचा लॅपटॉप

थोरल्या मुलीला मुलगी झाली, त्या वर्षी काकांनी ऑफिससाठी कॉम्प्युटरला हुकूम सोडणारी ही स्क्रिप्ट लिहायला घेतली. एक आज्ञा द्यायची आणि लिनक्स प्रणालीच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर डेटाबेस आपोआप बसायचा, एवढंच तिचं काम. पण लिनक्स म्हणजे एकाच आईची लेकरं, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाला फाइली इथे लागतात, दुसऱ्याला तिथे. एक हाकेसरशी उठतो, दुसऱ्याला गदागदा हलवावं लागतं.

धाकटी तेव्हा हसून म्हणाली होती, "बाबा, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालली तर खरी. तोवर पिच्छा सोडणार नाही. चालली, की मी गप्प!"

बोलाची पक्की निघाली. काकांनी शनिवारी सुधारलेली स्क्रिप्ट नेटवर चढवली, की रविवारी सकाळी निरोप हजर : "बाबा, पुन्हा आपटली. चहा घ्या, मग बघा."

शब्द दर वेळी तेच.

"काका, बाकी सगळीकडे केव्हाची चालते," मुख्य बाई ऑफिसात म्हणाल्या. "त्या एका लॅपटॉपसाठी आणखी किती दिवस?"

"एवढा शनिवार बघतो."

"दर वेळी हेच म्हणता," शेजारच्या टेबलावरून चष्मेवाली म्हणाली. ती नुकतीच कामाला लागली होती आणि तोंडाची फटकळ होती. "लेक आहे की सासू?"

काका हसले. बाईंनी मात्र चष्मेवालीकडे डोळे वटारून पाहिलं. पोरगी खट्टू झाली आणि भरपाई म्हणून की काय, दिवसभर ती स्क्रिप्ट घेऊन बसली. संध्याकाळी खुर्चीसकट सरकत काकांपाशी आली.

"सापडलं! तुमची स्क्रिप्ट आधी लिनक्सचं नाव विचारते ना? नाव ज्या फाइलीत बघते, ती फाइल इतक्या जुन्या लिनक्समध्ये नसतेच. म्हणून बिचारी दारातच अडखळते. जुन्यांचं नाव दुसऱ्या फाइलीत असतं. तिथे बघायला एक ओळ घातलीय."

काकांनी ती ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"आता रविवारी ताई खूश होतात की नाही बघा," ती म्हणाली.

"हुशार आहेस गं," काका म्हणाले.

शनिवारी दुपारी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. काका तिच्याजवळ जाऊन टेकले.

"ऑफिसातली नवी मुलगी म्हणते, आता चालेल."

बायकोच्या हातातली घडी विस्कटली. "नक्की?"

"ओळ बरोबर आहे. मी तपासली."

"मग उद्या?"

काका उठून कॉम्प्युटरसमोर बसले. बायको मागून बघत राहिली. थोड्या वेळाने त्यांनी स्क्रिप्ट चढवली आणि कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी सकाळी दोघं फोन मध्ये ठेवून बसली. चहा निवत चालला. बायको मधूनच फोन उचलून पाही, परत ठेवी.

"आज नाहीच यायचा," ती पुटपुटली.

तेवढ्यात फोनवर निरोप आला.

"बाबा, पुन्हा आपटली. चहा घ्या, मग बघा."

बायकोच्या जिवात जीव आला. डोळे पुसत तिने विचारलं, "काय केलंत हो?"

"ती ओळ काढून टाकली," काका म्हणाले आणि निवलेला चहा प्यायले.

मग ते आतल्या खोलीत गेले. टेबलावर लॅपटॉप तसाच तारेला जोडलेला होता. दर रविवारी त्याने आपलं आपण स्क्रिप्ट आणायची, चालवून बघायची आणि आपटली तर निरोप धाडायचा, ही तजवीज धाकटीने त्यात करून ठेवली होती. काकांनी त्याच्यावरची धूळ पुसली. थोरलीची मुलगी रांगायला लागली, त्या महिन्यात धाकटी वारली. ती मुलगी आता शाळेत जाते.