राणी ढकलायची टेस्ट

गणातात्याचं काळीज यंत्राचं. आज त्यात सॉफ्टवेअरचं नवं पॅकेज घातलं, आन् सून शलाका लॅपटॉप घेऊन एकेक टेस्ट चालवत बसली. जिना चढणं पास, झोप पास. शेवटची टेस्ट दोस्त इस्माईलची. कॅरममध्ये त्यानं चोरी करायची आन् तात्याचं काळीज भडकलं पाहिजे.

इस्माईलनं बोटानं राणी सरळ भोकात ढकलली.

"असू दे, घे तुला," तात्या गोड हसला.

इस्माईल गर्रकन शलाकाकडं वळला. "अगं पोरी, हा आमचा तात्या न्हाई!"

"नापास," शलाका म्हणाली. "नवं पॅकेज रागाला आजार समजून दाबतंय, चाचा. कंपनीवाले म्हणतात, ही टेस्टच काढून टाका."

"काढून तर दाखव! अगं, ह्याची बोंब ऐकायलाच जन्मभर चोरी केली मी."

शलाका हसली. टेस्ट तशीच ठेवली आन् रागाचा जुना तुकडा नव्या पॅकेजात बसवला.

इस्माईलनं भीतभीत परत राणी ढकलली.

"ए चोरट्या! बोट काढ, न्हाईतर मोडीन!" तात्या असा गरजला की सोंगट्या उडाल्या.

"पास!" शलाका ओरडली.

इस्माईलनं डोळे पुसले, आन् त्या गडबडीत राणी खरोखरच खिशात घातली.