काळी काच

"काळी! चक्क काळी!" सरांनी टाळीसाठी हात पुढे केला.

निळ्या दिव्याखाली दोन काचा होत्या. साधी काच हिरवीगार उजळली होती, म्हणजे रक्तातलं प्रथिन तिच्यावर चिकटून बसलं होतं. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप दिलेली काच मात्र ठार काळी. प्रथिनाला चमकणारा रंग लावलेला असे. चमकली तर चिकटलं, नाही चमकली तर काच स्वच्छ. दोन वर्षं सगळे याच नियमावर निर्धास्त होते.

सरांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीला प्रयोगशाळेत भिंग म्हणत, तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही म्हणून. आज मात्र भिंगाचं लक्ष घड्याळाकडे होतं. दहाला तिच्या दादाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत याच लेपाचा स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवणार होते. दादा आधी तयार नव्हता. "अरे, साध्या स्टेंटवर प्रथिन चिकटतं आणि मग रक्ताची गुठळी धरते," तिने समजावलं होतं. "आपल्या लेपावर काही म्हणता काही बसत नाही!" दादा हसला होता. "तू म्हणतेस ना ठमे? मग डोळे झाकून."

सर चहाला गेले. ती काचा धुवायला थांबली. लेप चढवायला तीन दिवस जात, म्हणून वापरलेली काच कडक साबणात धुऊन पुन्हा घ्यायची, हा तिचा शिरस्ता. एरवी ती आधी खोलीतला मोठा दिवा लावायची. आज जिवाला घोर, बटण दाबायचं राहूनच गेलं; अंधारात फक्त निळा दिवा जळत होता.

तिने काळी काच साबणात खळखळवली. पाणी हिरवं चमकायला लागलं.

चुकून साधी काच घेतली की काय! पण साधी काच जागेवरच होती. तिने पाणी बदललं, कालच्या प्रयोगातली दुसरी काळी काच बुडवली. पुन्हा हिरवं, आधीपेक्षा जास्तच. प्रथिन काचेवर होतंच, चांगलं थर धरून होतं. चांदी नुसती त्याची चमक गिळत होती. सुटून पाण्यात आलं तेव्हा कुठे ते दिसलं. आणि ती बावळट दोन वर्षं तेच पाणी भर उजेडात मोरीत ओतत आली होती.

पावणेदहा झाले होते. तिने फोन लावला. "वहिनी, दादाला आत नेऊ देऊ नका! थांबवा त्यांना!"

"अगं, कुणाला थांबवतेस? लवकर नंबर लागला, झालंसुद्धा सगळं!" वहिनी हसत होती. "आणि आपली स्वारी बघ. रक्त पातळ करायच्या गोळ्या कालपासून उशीखाली सारतायत, आत्ता सापडल्या मला. म्हणे, माझ्या बहिणीच्या स्टेंटवर काही चिकटत नाही, गोळ्या कशाला? मघाशी छातीत जरा जड वाटतंय म्हणाले, आणि आता बघ, कसे गाढ झोपलेत!"