शुक्रवारची बोट

चार वाजून गेले तरी फोन वाजला नाही. महेशने दुसरा चहाही तसाच गार होऊ दिला.

दिंडोरीच्या त्याच्या पॅकिंग शेडमधून काल संध्याकाळी द्राक्षांचा कंटेनर निघाला होता. आज चारच्या आत तो बंदराच्या गेटातून आत जायला हवा होता. नाही गेला, तर आठवडाभर खोळंबा, आणि आठवडाभर खोळंबलेली द्राक्षं परदेशातला व्यापारी हातात धरत नाही. अवकाळीतून वाचलेली सगळी बाग त्या एका कंटेनरमध्ये होती.

"पयल्यानं असं नव्हतं," बायडाबाई कात्री पुसत म्हणाली. घड नीट करायचं तिचं काम बारा वर्षांचं. "आज नाय गेली तर परवा जायाची बोट."

"तेव्हा बोटी लहान होत्या, मावशी. आता बंदराचा तळ उपसून खोल केलाय, धक्का लांबवलाय, उंच क्रेन बसवल्यात. चार बोटींचा माल एकीतच मावतो. मग चार कशाला येतील? शुक्रवारी एकच येते."

"म्हंजे गावची येष्टी बंद केली आन रेल्वे दिली. चुकली का बसा बोंबलत."

महेश हसला, पण ते हसूही थकलेलं.

"आन चाचाला एकल्याला कशाला धाडलं? साठी उलटली त्याची."

"दुसऱ्या कुणावर भरवसा नाही माझा."

रहेमानचाचा मालेगावचे. महेशला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं होतं. तीस वर्षं या घराच्या गाड्या चालवल्या, तरी त्यांच्या मराठीत गाडी ‘आला’ असायचा आणि ट्रक ‘आली’. शेडमधल्या बायका हसायच्या. तेही हसायचे.

साडेचारला फोन आला.

"महेशशेठ," चाचांचा आवाज पार बसलेला. "बोट गेली."

महेश रिकाम्या क्रेटवर टेकला. "कशी काय गेली? जेवायला थांबलात का कुठं?"

"नाही शेठ. सकाळपासून पाणी नाही पिलो. दार लागलं. मी ओरडलो, पण तोपर्यंत लागलंच होतं."

"एका मिनिटासाठी?"

"मिनिट कुठला. सेकंदसुद्धा नाही."

"मग कुणाला भेटलात का? काही करता येईल?"

"इथल्या साहेबांनी बघितलं. बोलले, आता काही होणार नाही."

महेशने डोळे मिटले. ओरडावं असं आतून आलं होतं. पण कसारा घाटात शेजारी बसून क्लच सोडायला शिकवणारा माणूस त्याला आठवला आणि त्याने स्वतःला आवरलं. चाचांचा श्वास फोनमधून ऐकू येत होता, घाट चढल्यासारखा.

"जाऊ द्या चाचा," तो म्हणाला. "तुमची चूक नाही. मनाला लावून घेऊ नका. एकच तर गेली. पुढच्या शुक्रवारी दुसरी येईल."

त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"चाचा? ऐकताय ना? कंटेनर घेऊन निवांत परत या."

"कंटेनर?" चाचा म्हणाले. "कंटेनर तर दोन वाजताच आत गेला, शेठ. मी माझ्या हाताचं सांगतोय, गाडीच्या दारात सापडली ती."