पेन्सिलीची बदकं
आईचा हात थरथरू लागला तेव्हा बात चांग या कुंभारांच्या गावातल्या आमच्या दोघींच्या छोट्या धंद्यात कामाची वाटणी बदलली. मी कप घडवून एकदा भाजून घ्यायचे, आई त्यांवर पेन्सिलीने चित्र काढायची आणि तिच्या रेघा सरळ करत मी निळ्या रंगाने गिरवायचे. पेन्सिल भट्टीत जळून जाते, निळा रंग राहतो. "माझी बदकं पिऊन आलीत, तुझी शाळेत निघालीत," आई म्हणायची. हनोईच्या गिऱ्हाइकांना माझीच आवडायची. आई गेली तेव्हा फळीवर तिच्या तीन बदकांचा, अजून न गिरवलेला एकच कप उरला होता. शंभराव्या दिवसाच्या विधीला तिला चहा त्याच कपात द्यायचा होता, पण झिलई देऊन पुन्हा भाजल्याशिवाय त्यात चहा टिकला नसता. या वेळी प्रत्येक रेघ थरथरली तशीच गिरवायची, असं ठरवून मी ब्रश उचलला. भट्टी निवल्यावर न्यान मावशीने कप बाहेर काढून बाहीने पुसला. "अगं बाई, एक रेघ हललेली नाही! ताई आजारी पडायच्या आधी अशीच काढायची." बदकं ओळीने, ताठ मानेने चालली होती. दोन वर्षांच्या सवयीने माझा हात आपसूक सरळ चालला होता आणि खालची पेन्सिल जळून गेली होती. मावशीने उदबत्त्या लावल्या, कपात चहा ओतला. मी बदकं भिंतीकडे वळवून कप आईच्या फोटोपुढे ठेवला. "असा काय ठेवतेस?" मावशीने तो फिरवला. "चित्र पुढे असू दे. तिचंच तर आहे."